शपथेवाचून साक्ष

न्यायकचेरीत साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस हे ठाऊकच आहे की, साक्षीदाराला आरंभी एक ठराविक वाक्य उच्चारावे लागते. ईश्वराला स्मरून खरे सांगेन अशी शपथ तरी त्याने घ्यावी, नाही तर खरे सांगेन अशी गंभीर प्रतिज्ञा तरी करावी. दोहोंपैकी कोणतेही वाक्य कायद्याला चालते, आणि बहुतेक साक्षीदार कारकून सांगेल ते त्याच्या मागून म्हणून मोकळे होतात. या दोन वाक्यांतील अंतर इतके थोडे दिसते की, तेवढ्यापायी कोणी वर्षानुवर्षे तुरुंगात कुजले असेल किंवा कोणाचे घरदार सरकारजमा झाले असेल, ही गोष्ट सांगूनही खरी वाटू नये. तथापि सतराव्या शतकातील इंग्लंडात हे घडले आहे, आणि ते एकदोघांच्या नव्हे, हजारो साध्या माणसांच्या बाबतीत घडले आहे. शेतकरी, विणकर, दुकानदार, घरंदाज बायका अशी ही माणसे होती. लोक त्यांना चेष्टेने क्वेकर, म्हणजे थरथरणारे, म्हणत. ती स्वतःस केवळ 'मित्र' म्हणवीत.

शपथेचे माहात्म्य आपणांस निराळे सांगावयास नको. बेलभंडार उचलून दिलेल्या शब्दाचे उल्लेख मराठेशाहीच्या कागदपत्रांत जागोजाग आढळतात. आणि शब्दाने भागले नाही म्हणजे तापलेल्या तेलातुपात हात घालण्याच्या दिव्यापर्यंत मजल जाई. घरात मूलसुद्धा आईच्या गळ्याची शपथ घेते आणि ती 'सुटली' असे वदवून घेतल्याशिवाय त्याचा जीव खाली पडत नाही. या सर्व प्रकारांच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट असते, तिचा विचार मात्र आपण क्वचित करतो. शपथ घातल्यावर मनुष्य खरे बोलतो असे मानले, तर शपथ घातलेली नसताना तो काय बोलतो? फॉक्सने व त्याच्या मित्रांनी हा प्रश्न धसास लावला, आणि त्याचे जे उत्तर त्यांना सापडले ते मग त्यांना गप्प बसू देईना.

जॉर्ज फॉक्स १६२४ साली लेस्टरशायरमधील एका खेड्यात विणकराच्या घरी जन्मला. पोरवयात तो जोडे शिवणाऱ्या एका गृहस्थाजवळ उमेदवारीस राहिला. हा गृहस्थ लोकरीचा आणि मेंढरांचाही व्यवहार करीत असे, व त्यातले बरेच काम या मुलाच्या हातून होई. सौदा ठरविताना 'खरोखर' हा एकच शब्द उच्चारण्याची फॉक्सला सवय होती. आणि जॉर्जने तो शब्द एकदा काढला की त्यात फिरवाफिरव होणार नाही असे गावकरी म्हणू लागले होते, अशी आठवण त्याने पुढे आपल्या आत्मवृत्तात नोंदविली आहे. म्हणजे पंथ स्थापण्यापूर्वीच, लोकरीच्या गाठोड्यांमध्ये, या माणसाचा शब्द शपथेच्या तोलाचा झाला होता. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून निघाला. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी माजलेली होती. गावोगाव नवे पंथ आणि नवे उपदेशक निघत होते. त्यांपैकी कोणाच्याही बोलण्याने त्याचे समाधान झाले नाही. शेवटी त्याला जे गवसले ते फार थोड्या शब्दांत सांगता येते. प्रत्येक मनुष्याच्या अंतरात ईश्वराचा प्रकाश आहे, आणि त्याला भेटण्यास मध्यस्थ लागत नाही. म्हणून या मंडळींच्या उपासनेत पाद्री नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सर्वांनी निःशब्द बसावे, आणि आतून कोणास बोलावेसे वाटले तर त्याने वा तिने उठून बोलावे, एवढाच विधी. 'क्वेकर' हे नाव १६५० साली डर्बी येथील एका न्यायाधीशाने ठेवले. ईश्वराच्या वचनापुढे थरथर कापा, असे फॉक्सने त्यालाच बजावले होते.

मराठीत 'साक्ष' हा शब्द कोर्टातही चालतो आणि वेदान्तातही चालतो. साक्षी म्हणजे पाहणारा. तो पिंजऱ्यात उभा असेल किंवा अंतःकरणात बसलेला असेल. क्वेकरांच्या भाषेतही असाच एक शब्द आहे. आपल्या आचारातील प्रत्येक आग्रहाला ते 'साक्ष' म्हणतात. युद्धात भाग न घेणे ही एक साक्ष, साधेपणाने राहणे ही दुसरी. आतल्या प्रकाशाविषयी वाद घालण्यापेक्षा आपल्या वागणुकीने त्याची ग्वाही द्यावी, असा या शब्दामागील भाव आहे. शपथ न घेणे ही अशीच एक साक्ष होती, आणि आमच्या मते तीच सर्वांत बोचरी ठरली.

तिला आधार होता तो ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाचा. शपथ मुळीच वाहू नये, होकार आणि नकार साधेच असावेत, असा उपदेश तेथे स्पष्ट आहे. तो अक्षरशः पाळणारे क्वेकर हे काही पहिले नव्हेत. युरोपातील मेनोनाइट लोक त्यांच्या आधीपासून शपथ नाकारीत आले होते. परंतु क्वेकरांचा युक्तिवाद धर्मवचनापाशी थांबत नव्हता. शपथ मान्य केली म्हणजे सत्याचे दोन दर्जे मान्य केल्यासारखे होते, एक कोर्टातले आणि एक बाजारातले, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला सदैव खरेच बोलावयाचे आहे त्याने, 'आता मात्र मी खरे बोलतो', असे कबूल करणे म्हणजे आपल्या इतर सर्व बोलण्यावर आपल्याच हाताने डाग पाडणे होय.

येथे त्या काळच्या राजकारणाची गाठ पडली. १६०५ साली पार्लमेंटचे सभागृह सुरुंगाने उडवून देण्याचा काही कॅथलिकांचा कट उघडकीस आला, आणि त्यानंतर राजनिष्ठेची एक शपथ कायद्याने ठरविण्यात आली. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परत आला. पुढील जानेवारीतच लंडनमध्ये एका दुसऱ्या पंथाने सशस्त्र बंड केले. बंडाशी क्वेकरांचा संबंध नव्हता, पण संशयाला तेवढे निमित्त पुरले. १६६२ साली, शपथ घेणे हेच पाप आहे असे मानणाऱ्या या लोकांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. आता क्वेकराला पकडण्यासाठी त्याचा गुन्हा सिद्ध करण्याची जरुरीच उरली नाही. त्याला कोणत्याही कारणाने न्यायाधीशापुढे आणावे, मूळ आरोप बाजूला ठेवावा, आणि राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगावे. तो नकार देणार हे ठरलेलेच. नकार हाच गुन्हा. कट करणारा मनुष्य अशी शपथ हसत घेऊन घरी गेला असता. ज्याला खोटे बोलता येत नाही तोच काय तो या जाळ्यात सापडे!

मार्गारेट फेलचा खटला या प्रकाराचा मासला म्हणून पाहण्यासारखा आहे. लँकेशायरमधील स्वार्थमूर हॉल या मोठ्या वाड्याची ती मालकीण. तिचा नवरा थॉमस फेल हा प्रतिष्ठित न्यायाधीश होता. १६५२ साली फॉक्स या वाड्यात आला आणि मार्गारेटने त्याचा मार्ग स्वीकारला. नवऱ्याने तो कधीच स्वीकारला नाही. परंतु त्याने विरोधही केला नाही. सभा भरली म्हणजे हा गृहस्थ शेजारच्या खोलीत दार उघडे ठेवून बसत असे, अशी हकीकत सांगतात. १६५८ साली तो वारला आणि त्याच्याबरोबर त्या घरावरील छत्र गेले. १६६४ साली, घरात सभा भरविते म्हणून मार्गारेटला पकडून लँकेस्टर येथे आणले. तेथे तिच्यापुढे तीच शपथ ठेवण्यात आली. राजाशी मी एकनिष्ठ आहे, त्याची आज्ञा मानते, हे सांगावयास तिची हरकत नव्हती, आणि तिने तसे सांगितलेही. न्यायाधीशाला हवे होते ते दुसरेच, म्हणजे पुस्तकावर हात ठेवून उच्चारलेले वाक्य. पन्नाशीला आलेली विधवा, मागे मुलीबाळी, मोठी इस्टेट. एवढ्या एका वाक्याने सर्व वाचले असते. तिने ते वाक्य उच्चारले नाही. 'प्रीम्युनायरी' या जुन्या कायद्याखाली तिला शिक्षा झाली. मालमत्ता जप्त, राजा ठेवील तोवर कैद, आणि राजाच्या संरक्षणातून बहिष्कृत. निकाल ऐकून ती म्हणाली की, राजाच्या संरक्षणाबाहेर मी गेले असेन, परमेश्वराच्या संरक्षणाबाहेर गेलेले नाही. सुमारे चार वर्षे ती तुरुंगात होती. त्या अवधीत, बायकांनी धर्मसभेत बोलणे कसे योग्य आहे हे प्रतिपादणारा एक निबंध तिने लिहिला. तो १६६६ साली छापला गेला. सुटका झाल्यावर, १६६९ साली, तिने फॉक्सशी विवाह केला.

त्याच वर्षी त्याच लँकेस्टरच्या न्यायासनापुढे फॉक्सही उभा होता. त्याच्या हाती बायबल देऊन शपथ घेण्यास फर्माविले. तेव्हा त्याने असे काही विचारले की न्यायसभेत खळबळ उडाली. ज्या पुस्तकावर मी शपथ घ्यावी असे तुम्ही म्हणता, तेच पुस्तक शपथ घेऊ नको असे सांगते. मी पुस्तकाचे ऐकतो म्हणून मला कैद होणार, तर असे सांगणाऱ्या पुस्तकाला मोकळे कसे सोडता? विनोद मार्मिक खरा, पण त्याची किंमत जबर होती. लँकेस्टरच्या किल्ल्यात ज्या कोठडीत त्याला ठेवले तेथे धूर इतका कोंडे की दिवा नीट दिसत नसे, आणि छतातून पाऊस गळे. तेथून त्याला स्कारबरोच्या किल्ल्यात हलविले; १६६६ पर्यंत तो बाहेर आला नाही.

तुरुंग हा या प्रकरणातील ठळक भाग झाला. त्याहून कमी दिसणारी, पण रोज टोचणारी अडचण अशी की, शपथ न घेणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ मुका होता. त्याला चोराविरुद्ध साक्ष देता येईना, मृत्युपत्र शाबीत करता येईना, बुडालेले कर्ज वसूल करण्यास अडथळा येई, शहराच्या व्यापारी हक्कांस तो मुकत असे. खरे बोलण्याचा इतका हट्ट धरणाऱ्याचा शब्दच कोर्टात ग्राह्य नव्हता!

बोलण्याचालण्यातही हीच मंडळी अशीच काटेकोर. वरिष्ठांपुढे टोपी काढावयाची नाही, आणि एका माणसाला अनेकवचनाने संबोधावयाचे नाही. त्या काळच्या इंग्रजीत मोठ्या माणसास अनेकवचन आणि हलक्या माणसास एकवचन अशी रूढी होती. क्वेकर सर्वांना सरसकट एकवचनच वापरीत. मराठी वाचकाला हा आग्रह थोडा चमत्कारिक वाटेल. आपण देवाला आणि आईला 'तू' म्हणतो, मामलेदाराला म्हणत नाही, व त्यात काही असत्य आहे असे आपल्या मनात येत नाही. पण थॉमस एलवूड या तरुणाला, पुढे जो अंध मिल्टनला ग्रंथ वाचून दाखवीत असे, बापापुढे टोपी न काढल्याबद्दल व बापाला एकवचनाने संबोधल्याबद्दल स्वतःच्या घरात मार खावा लागला. आदरार्थी बहुवचन हे असत्यच ठरते असे आम्हांस वाटत नाही. या बाबतीत क्वेकरांनी भाषेशी वाजवीपेक्षा कडक हिशेब केला असे म्हणावे लागते. एलवूडचा बाप मात्र आम्हांस चांगला समजतो.

दुकानदारीत या काटेकोरपणाचे फळ वेगळे निघाले. घासाघीस म्हणजे दोन्हीकडून खोटे बोलणे, असा त्यांचा हिशेब. विकणारा मनातल्यापेक्षा जास्त सांगतो, घेणारा मनातल्यापेक्षा कमी. म्हणून क्वेकर दुकानदार एकच किंमत सांगे. आरंभी गिऱ्हाईक तुटले. टोपी न काढणाऱ्या, आर्जव न करणाऱ्या माणसाकडे कोण जाणार? परंतु लवकरच लोकांच्या ध्यानात आले की, या दुकानात लहान मुलाला पाठविले तरी मोठ्या माणसाइतकाच चोख माल व भाव मिळतो, आणि मग गिऱ्हाइकांची रीघ लागली. ही हकीकतही फॉक्सनेच लिहून ठेविली आहे. विद्यापीठे आणि सरकारी नोकऱ्या शपथांमुळे बंद. तेव्हा पंथातील हुशार मुले व्यापारात शिरली. बार्कले आणि लॉइड या पेढ्यांची, कॅडबरी आणि फ्राय या चॉकलेटच्या कारखानदारांची घराणी यांतूनच पुढे आली. आता सचोटीने पैसा मिळू लागला म्हणजे सचोटीची परीक्षाच सरली, अशी शंका येथे येते, आणि ती गैरवाजवी नाही. लँकेस्टरच्या कोठडीतील सत्य आणि भरभराटीच्या पेढीवरचे सत्य यांत फरक आहे.

हा फरक ज्याच्या जिवाला लागला असा एक मनुष्य अमेरिकेत निघाला. जॉन वूलमन हा न्यू जर्सीतील क्वेकर. जन्म १७२० चा. तरुणपणी तो एका दुकानात कारकुनीस होता. एके दिवशी धन्याने त्याला आपल्या एका निग्रो दासीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. घेणारा माणूस वृद्ध होता, आणि तोही क्वेकर. धन्याची आज्ञा म्हणून वूलमनने खत लिहिले. लिहिताना मन इतके खाल्ले की, गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते, एवढे त्याने दोघांच्या समक्ष बोलून दाखविले. पण खत लिहून झाले होते. शपथ त्याने आयुष्यात कधी घेतली नव्हती, जिभेने खोटे बोलला नव्हता; आणि तरीही, एक माणूस दुसऱ्याची वस्तू आहे असे सांगणारा कागद त्याच्या हातचा होता. ज्या समाजाने एका शब्दासाठी तुरुंग भोगले, त्याच समाजातील पुष्कळ श्रीमंत घरांत गुलाम होते, आणि त्यांची मृत्युपत्रे व खरेदीखते धर्मबंधूच लिहून देत होते. जर्मनटाउन येथील काही क्वेकरांनी १६८८ सालीच याविरुद्ध लेखी निषेध केला होता, पण वरच्या सभांनी तो बाजूस सारला. पुढे वूलमनने गुलामांची वाटणी करणारी मृत्युपत्रे लिहिण्याचे साफ नाकारले. गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी उतरावे लागले तर निघताना तो तेथील गुलामांच्या सेवेचा मोबदला देऊन निघे. आयते आतिथ्य घेणे म्हणजे त्या अन्यायात वाटेकरी होणे, असे त्याला वाटे. तो कोणावर ओरडला नाही. घरोघर जाऊन, मालकासमोर बसून, हळू बोलत राहिला. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने हा प्रश्न हाती घेतला, आणि १७७६ साली गुलाम न सोडणाऱ्यांस समाजाबाहेर काढण्याचे ठरविले. वूलमन ते पाहावयास नव्हता. १७७२ साली इंग्लंडात यॉर्क येथे देवीच्या आजाराने त्याचा अंत झाला होता.

इकडे इंग्लंडात कायदा हळूहळू वाकत होता. १६९६ साली पार्लमेंटने क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. खोट्या प्रतिज्ञेला खोट्या शपथेइतकीच शिक्षा ठेविली. वाचकांस वाटेल की येथे भांडण मिटले. मिटले नाही, कारण प्रतिज्ञेच्या मजकुरात सर्वशक्तिमान ईश्वरासमक्ष, जो माझ्या बोलण्याच्या खरेपणाचा साक्षी आहे, अशा अर्थाचे शब्द घातले होते. ईश्वराला साक्षीस बोलाविले म्हणजे ती शपथच झाली, नुसते नाव बदलले, असे म्हणून पुष्कळ क्वेकरांनी ही मुभाही नाकारली, आणि समाजात पंचवीस वर्षे त्यावरून दोन तट राहिले. अखेर १७२२ साली ईश्वराचे नाव गाळून, मी गंभीरपणे, मनापासून व सत्यपूर्वक सांगतो, अशा थाटाचा मजकूर मंजूर झाला. फौजदारी खटल्यात मात्र त्यांची साक्ष १८२८ पर्यंत चालत नव्हती. पार्लमेंटचे दारही असेच उशिरा उघडले. जॉन आर्कडेल हा क्वेकर १६९८ साली निवडून आला, पण शपथ घेईना म्हणून त्याची जागा गेली. त्यानंतर १८३३ साली जोसेफ पीज याने शपथेवाचून, प्रतिज्ञेवर, आपली जागा घेतली.

उघडलेल्या दारातून पुढे कोण येईल हे दार उघडणाऱ्याच्या हाती नसते. १८८० साली नॉर्दम्प्टनहून चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आला. तो उघड निरीश्वरवादी होता. क्वेकरांना मिळणारी प्रतिज्ञेची सवलत त्याने मागितली, ती त्याला नाकारण्यात आली. मग त्याने शपथ घेण्याची तयारी दर्शविली, तीही घेऊ देईनात. पुनःपुन्हा निवडून यावे आणि पुनःपुन्हा बाहेर जावे, असे १८८६ पर्यंत चालले. मध्ये एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेतही काढावी लागली. शेवटी १८८८ साली त्याच्याच खटपटीने, शपथेवर विश्वास नसलेल्या कोणासही प्रतिज्ञा करता येईल असा कायदा झाला. ज्या मुभेसाठी फॉक्स आणि मार्गारेट फेल ईश्वरावरील निष्ठेने झगडले, तीच ईश्वर न मानणाऱ्याच्या हक्काची झाली. हिंदुस्थानच्या बाजूने पार्लमेंटात बोलणारा म्हणून या ब्रॅडलॉची इकडे मोठी ख्याती होती. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पाचव्या अधिवेशनास तो मुद्दाम आला होता.

परंतु मुंबईच्या कोर्टांत तोपर्यंत प्रतिज्ञा जुनी झाली होती. कंपनी सरकारच्या अमलात हिंदू साक्षीदाराच्या हाती गंगाजल आणि मुसलमानाच्या हाती कुराण देऊन शपथ घालण्याची चाल होती. पुष्कळ प्रतिष्ठित माणसांना हा प्रकार इतका असह्य वाटे की न्यायाच्या कामात त्यामुळे खोळंबा होतो, असे सरकारनेच १८४० च्या पाचव्या कायद्याच्या प्रस्तावनेत मान्य केले. त्या कायद्याने गंगाजल आणि कुराण गेले, व त्यांच्या जागी प्रतिज्ञा आली. गंमत अशी की तिच्या मजकुरात 'सर्वशक्तिमान ईश्वरासमक्ष' हे शब्द होते, म्हणजे ज्या शब्दांवर इंग्लंडातील क्वेकर पंचवीस वर्षे अडून बसले होते तेच! आमच्याकडे त्यावर कोणी अडून बसले नाही. १८७३ च्या कायद्याने हिंदू व मुसलमान यांजबरोबरच, शपथेस हरकत असणाऱ्या कोणाही साक्षीदारास प्रतिज्ञेची वाट मोकळी केली. मात्र पक्षकाराच्या मागणीवरून एखादी विशेष शपथ घालून तिच्यावर निकाल लावण्याची जुनी सोय त्यातही राखली होती. ती १९६९ च्या कायद्यापर्यंत टिकली.

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, विधिमंडळांचे सभासद आणि न्यायाधीश यांनी अधिकारग्रहणाच्या वेळी म्हणावयाचे मजकूर दिले आहेत. त्यांत दोन पर्याय एकाखाली एक छापलेले असतात, एक ईश्वरसाक्ष शपथेचा आणि दुसरा गांभीर्यपूर्वक केलेल्या प्रतिज्ञेचा. ज्याला जो रुचेल तो त्याने म्हणावा आणि दुसरा सोडून द्यावा.